त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं

हेल्मेट मी घातलं होतं. आई मागे बसली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेली सहा वर्षं कुणालाही तो अपघात सांगताना मी हे शेवटी सांगत आलोय, नाहीतर सांगायचंच टाळत आलोय.

मे २०१९. मावसभावाचं लग्न होतं जयसिंगपूरला. सांगलीहून रस्ता असा कितीसा, गाडीवर अर्धा तास. बाबा आणि ताई सकाळीच एसटीनं पुढे गेले होते आणि आई म्हणाली मी येते तुझ्या मागनं गाडीवर, एवढ्या सकाळी मला नाही आवरायचं. काठापदराची साडी, अंबाडा, त्यावर गजरा, एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसलेली, एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसऱ्या हातात आहेराची पिशवी. आपल्याकडं हजारो बाया रोज अशाच बसतात. पट्टे न मारलेला स्पीडब्रेकर होता, मला तो उशिरा दिसला, चाळीसच्या आसपास असेन, ब्रेक मारेपर्यंत पुढचं चाक वर गेलेलं आणि मागचं उडालं. खांद्यावरचं वजन गेलं, एवढंच मला कळलं. आवाज नंतर आला.

ती मागच्या मागे पडली, डोक्याच्या मागच्या बाजूवर. रक्त म्हणाल तर बोटाला लागेल एवढंच. मिनिटभर डोळे मिटून होती, मग स्वतःच उठून बसली आणि पहिलं काय विचारलं तर पिशवी कुठाय. लोक जमले, कुणी पाणी दिलं, समोरच्या चहाच्या टपरीवरचा माणूस कांदा फोडून घेऊन आला आणि तिच्या नाकाला लावायला लागला, चक्कर आली असेल म्हणून. तिनं त्याचा हात बाजूला केला. "काही झालं नाही मला, चल, अक्षता चुकतील." आणि मी गाडीला किक मारली.

त्या क्षणी मिरजेच्या हॉस्पिटलकडं वळलो असतो तर, हा विचार माझ्या डोक्यातनं जात नाही आणि जाणारही नाही. पण तो दोष मी एकटाच घेतला तर पुढच्या माणसाला काही कळणार नाही, म्हणून नीट सांगतो. आम्हाला वाटलं ती बोलतेय, चालतेय, ओळखतेय म्हणजे ठीक आहे. कार्यालयात पोचल्यावर तिनं अक्षता टाकल्या, दोन-चार जणींशी बोलली, मग म्हणाली डोकं जड झालंय, आणि आतल्या खोलीत गादीवर पडली. एकदा उलटी झाली. कुणीतरी म्हणालं पित्त असेल, उन्हाचं होतं, झोपू दे. ती घोरायला लागली तेव्हा एक मामी म्हणाल्या, बरं झालं, गाढ झोप लागली. अडीचला पंगतीसाठी ताई उठवायला गेली तर ती उठेना.

डोक्याला मार लागल्यावर माणूस काही वेळ अगदी बरा वाटतो आणि मग तासा-दोन तासांत कोसळतो, हे असं होतं. आत रक्त साठत असतं किंवा मेंदूला लागलेला मुका मार सुजत असतो, आणि कवटीत तर जास्तीची जागाच नाही, त्यामुळं दाब वाढत जातो. क्रिकेट बघणाऱ्यांना रमण लांबा आठवत असेल. फेब्रुवारी १९९८, ढाका, बॅट्समनच्या अगदी जवळ, शॉर्ट लेगला, हेल्मेट न घालता उभा होता, चेंडू डोक्याला लागला, स्वतःच्या पायांनी चालत मैदानाबाहेर गेला. थोड्या वेळानं तब्येत बिघडली आणि तीन दिवसांनी गेला. ३८ वर्षांचा होता. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, न उठवता येणारी झोप, घोरणं, बरळणं, एका बाजूचा हात-पाय ढिला पडणं, फिट, नाका-कानातनं पाणी येणं, यातलं एक जरी दिसलं तरी पित्तबित्त न म्हणता सीटी स्कॅन असेल त्या हॉस्पिटलला पळायचं. आणि न्यायचं तर १०८ ला फोन करून. आम्ही आईला एका पाहुण्यांच्या ओम्नीत मागच्या सीटवर मुटकुळं करून नेलं, मान अशी एका बाजूला लटकत होती. मानेला पण मार असू शकतो हे डोक्यातच आलं नाही कुणाच्या.

मिरजेत सीटी झाला. डॉक्टर तरुण होते, आम्हाला स्क्रीनसमोर उभं करून त्यांनी समजावलं. मार मागे लागला होता पण काळे-पांढरे डाग कपाळामागे दिसत होते, दोन्ही बाजूंना, डावीकडं जास्त. मला वाटलं स्कॅन उलटा लावलाय. ते म्हणाले, घरी दही लावता ना, भांडं जोरात आपटलं तर भांड्याला चरा पण जात नाही पण आतलं दही मोडतं. मेंदू तसा मऊ, सव्वा-दीड किलोचा, पाण्यात तरंगत असतो, डोकं मागे आपटून थांबलं तरी तो थांबत नाही, पुढं जाऊन कपाळामागच्या खडबडीत हाडांवर घासतो. भांडं फुटलंय का हे सगळे बघतात, दही कुणी बघत नाही. पुढच्या सहा वर्षांत मी या विषयावर जे जे वाचलं त्यात याच्याहून चांगलं कुणी सांगितलेलं नाही.

ऑपरेशनमध्ये डाव्या बाजूचं कवटीचं हाड काढलं, सुजेला जागा मिळावी म्हणून. आणि ते हाड तिच्याच पोटाच्या कातडीखाली शिवून ठेवलं. हो, पोटात, तिथं ते चांगलं राहतं, तीन महिन्यांनी परत बसवतात. हे ऐकल्यावर बाबा खुर्चीवर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

बाबांचं सांगायला पाहिजे. आयसीयूबाहेर अकरा दिवस काढले आम्ही, आणि त्यांना बोलायला काही सुचत नसलं की ते क्रिकेटवर यायचे. रक्ताची सोय करायला माझे मित्र आले तेव्हा त्यांनी सगळ्यांना नरी कॉन्ट्रॅक्टरची गोष्ट सांगितली. १९६२, बार्बाडोस, भारताचा कॅप्टन, चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर बसला आणि कवटी फुटली. त्या काळात हेल्मेट नव्हतंच. रक्त द्यायला कोण कोण उभं राहिलं तर आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर, आणि वेस्ट इंडिजचा कॅप्टन फ्रँक वॉरेल. कॉन्ट्रॅक्टर वाचले, डोक्यात धातूची पट्टी बसवली, पुन्हा कसोटी खेळायला मिळाली नाही पण फर्स्ट क्लास क्रिकेट खेळले. बाबा म्हणायचे, बघ, तो माणूस परत बॅट घेऊन उभा राहिला. ती पट्टी पुढे २०२२ मध्ये काढली, साठ वर्षांनी. मी बातमी वाचून दाखवली तेव्हा बाबा आईकडं बघून म्हणाले, बघ गं, अजून आहेत ते.

आयसीयूत रोज फाईलवर एक आकडा असायचा. ग्लासगो कोमा स्केल. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी काढलं ते, डोळे कधी उघडतात, बोलतो काय आणि हात-पाय कसे हलवतो, या तीन गोष्टींचे मार्क. पूर्ण शुद्धीतल्या माणसाला १५. कमीत कमी ३, शून्य नाहीच त्यात. ८ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर. आई पोचली तेव्हा ७ होती. सिस्टर येऊन जोरात ओरडायच्या, "मावशी, डोळे उघडा! हात दाबा माझा!" आणि नखावर पेन दाबायच्या, आणि आई हात मागे घ्यायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला त्या सिस्टरचा राग आला होता. दुसऱ्या आठवड्यात मीच विचारायला लागलो, आज एम किती? एम म्हणजे हात-पाय हलवण्याचे मार्क.

अठराव्या दिवशी तिनं डोळे उघडून बघितलं. सिनेमात दाखवतात तसं काही नसतं हो. ती जागी झाली पण कुठं होती कुणास ठाऊक. मला "मामा" म्हणायची. आपण कवठेमहांकाळला माहेरी आहोत असं तिला वाटायचं, आणि आजी, जी २००३ मध्ये गेली, ती मागच्या दारी शेळी बांधायला गेलीय म्हणून सांगायची, इतक्या खात्रीनं की ताई एकदा खरंच मागे वळून बघत होती. खोटं बोलत नव्हती ती. आठवणीत जिथं भोकं पडतात तिथं मेंदू आपल्या मनानं ठिगळं लावतो. त्या दिवशीची सकाळ ते पुढचे जवळजवळ पाच आठवडे, हा काळ तिच्याकडं नाहीये. आठवेल हळूहळू असं आम्ही समजत होतो. तसं होत नाही, ते नोंदलंच गेलेलं नसतं.

मग घर. इथून पुढचं कुणी सांगत नाही.

हाड परत बसवलं, केस वाढले, चालायला लागली, बोलायला लागली. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, बऱ्या दिसतायत की आता, देवाची कृपा. आणि दिसायचीच बरी. पाय मोडला असता तर प्लास्टर दिसलं असतं.

एका संध्याकाळी मी कामावरनं आलो तर जिन्यातच करपलेल्या दुधाचा वास. धावत वर गेलो. पातेलं काळं पडलेलं, धूर झालेला, आणि आई ओट्यापासून चार पावलांवर स्टुलावर बसून मेथी निवडत होती. निवांत. मी गॅस बंद केला, म्हणलं आई, वास नाही आला? ती म्हणाली, कसला? ही माझी आई, जी बाहेरच्या खोलीत बसून सांगायची की आमटीला हिंग जास्त पडलाय, जी भाकरी खाली लागायच्या आधी आवाज द्यायची. नाकाच्या वर एक हाडाची चाळणी असते आणि वासाचे केसासारखे धागे त्यातनं वर मेंदूत जातात, डोकं असं झटक्यानं हललं की ते तुटतात. डिस्चार्ज कार्डात यावर एक ओळ नव्हती. तिला स्वतःला पण कळलं नव्हतं, ती फक्त म्हणायची तुझ्या बायकोच्या हाताला चव नाही. बिचारी माझी बायको, तीन महिने मीठ-मसाला वाढवत बसली होती.

त्या रात्री मला तो टपरीवरचा कांदा आठवला. तिनं हात बाजूला केला होता. तेव्हा तिला वास आला होता का?

गॅस गळतीचा अलार्म बसवला, डब्यांवर तारखा लिहायला लागलो कारण शिळं तिला कळत नाही. लवंग, लिंबू, हिंग, निलगिरीचं तेल, सकाळ-संध्याकाळ हुंगायचा सराव केला वर्षभर. कोविडमध्ये सगळ्यांचाच वास गेला तेव्हा शेजारणी विचारायला लागल्या, तुम्ही ते काय हुंगता हो. त्यांचा आला परत. आईला आता निलगिरी थोडी कळते, बाकी नाही.

वास गेला हे तरी लोकांना सांगता येतं. दुसरं जे गेलं त्याला नीट शब्द सापडायलाच मला दोन वर्षं लागली. ती कुठलीच गोष्ट सुरू करू शकत नव्हती. भाजी समोर, विळी समोर, आणि ती बसलेली, वीस मिनिटं, अर्धा तास. विचारलं तर म्हणणार, चिरतेच आहे की. आंघोळीला चल म्हणलं की जायची, कुणी म्हणलंच नाही तर दुपारपर्यंत तशीच. जी बाई पहाटे पाचला उठून बंबात जाळ घालायची. नातेवाईकांत कुजबुज सुरू झाली, सुना आल्या की आळस येतोच, आता काय बसून खायची सवय लागली. एकदा मी स्वतः चिडून बोललो, आई, निदान प्रयत्न तरी कर. ती माझ्याकडं बघत राहिली. "करायचंय मला," म्हणाली, "पण हलतच नाही आतनं काही."

आतनं हलत नाही. कपाळामागचा जो भाग घासला गेला ना, ठरवणं, सुरुवात करणं, स्वतःला आवरणं, ही त्याचीच कामं. आळशी माणसाला आळसाचं सुख तरी असतं. हिला तेही नव्हतं.

राग पण तिथलाच. एकदा कुकरची शिट्टी, टीव्ही आणि दाराची बेल एकाच वेळी झाली आणि तिनं समोरचं ताट भिंतीवर फेकलं, बाबांना असली शिवी दिली की ती तिला माहीत आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. नंतर तासभर रडत होती. आपल्या डोक्यात नको ते आवाज बाजूला सारणारी जी चाळणी असते ती तिची फाटलीय, सगळंच एका जोरानं आत येतं. आता घरात नियम आहे, एका वेळी एकच आवाज. आणि दुपारी दीड तास अंधाऱ्या खोलीत झोप, दमायच्या आधी, दमल्यावर नाही. हा दमणूक प्रकार इतका खरा आहे की दहा मिनिटं चार जणांशी बोलली तरी तिचा चेहरा उतरतो.

या सगळ्यात ज्या बाईंनी आम्हाला बाहेर काढलं त्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या, हा शब्दच मी पहिल्यांदा ऐकला. त्यांनी स्वयंपाकघरात ओट्यावर एक कागद चिकटवला. पातेलं घे. एक कप पाणी. साखर. गॅस लाव. उकळी आली की पत्ती. सगळ्यात खाली गॅस बंद कर, दोनदा लिहिलेलं. त्या म्हणाल्या, सुरुवात आतनं होत नाही ना, मग ती बाहेरनं देऊ. पहिल्या दिवशी आईनं त्या कागदावर बोट ठेवत ठेवत चहा केला, सव्वीस मिनिटं लागली, आम्ही चौघं दारात उभे. पत्ती जास्त झाली होती. बाबांनी दोन कप प्यायले.

फिनिअस गेज या माणसाबद्दल मी नंतर वाचलं. १८४८, अमेरिकेत रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावताना साडेतीन फुटी लोखंडी पहार त्याच्या गालातनं शिरून डोक्याच्या वरनं बाहेर पडली आणि तो जगला, पण मित्र म्हणायला लागले की हा आता गेज राहिला नाही. सगळीकडं गोष्ट इथंच संपवतात. आमच्याकडं पण एक काकू म्हणाल्या होत्या, ह्या काही आता पहिल्या वहिनी नाहीत. मात्र तोच गेज नंतर चिलीत जाऊन काही वर्षं घोडागाडी हाकायचा, प्रवासी, वेळापत्रक, लांबचा रस्ता, सगळं सांभाळून. रोजचं तेच काम, तीच वेळ, तोच क्रम, त्यानं माणूस सावरला असणार असं काही अभ्यासक मानतात. मला ते लगेच पटलं. आमच्या ओट्यावर कागद होता ना.

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत जोरात होते हे खरं, पण नंतर थांबते हे खोटं. चौथ्या वर्षी तिनं न सांगता पुरण घातलं. प्रमाण चुकलं, पण सुरुवात तिची होती.

सरकारदरबारी मात्र ही दुखापत जणू नाहीच. २०१६ च्या अपंगत्वाच्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात मेंदूला लागलेला मार असा वेगळा प्रकार नाही. आम्ही दाखल्यासाठी गेलो तर समोरच्यानं आईला चालून दाखवायला सांगितलं, हात वर करायला सांगितलं आणि म्हणाला, सगळं तर चालतंय. चहा करायला सव्वीस मिनिटं लागतात हे कुठल्या रकान्यात लिहायचं? खर्चाचं म्हणाल तर केशरी रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेत काही भाग बसला, बाकी ताईचे दागिने. आता २०२५ पासून केंद्राची योजना आहे, रस्ते अपघातातल्या माणसाला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार, हे माहीत असू द्या. आणि जखमीला हॉस्पिटलला नेणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत, तसा कायदाच आहे, म्हणून बघत उभे राहू नका.

हेल्मेटबद्दल मी शांतपणे बोलू शकत नाही. २०२२ मध्ये देशात हेल्मेट नसलेली ५०,०२९ माणसं गेली, केंद्र सरकारचाच आकडा आहे, आणि त्यातली १४,३३७ मागे बसलेली. मागे बसलेली. हेल्मेटनं डोक्याला मार लागायची शक्यता जवळजवळ ६९ टक्क्यांनी कमी होते असं कित्येक अभ्यास एकत्र करून काढलंय. कायदा दोघांनाही घालायला सांगतो आणि आपण चालवणाऱ्याचं बघतो, तेही चौकात पोलीस असेल तर. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध समिती निघते, मोर्चे निघतात, मान दुखते, केस गळतात, ऐकू येत नाही. आणि बायकांचं तर कुणी बोलतच नाही. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, गजरा चुरगळतो, साडीत एका बाजूला बसायचं, धरायला काही नाही, आणि मुलगा/नवरा/भाऊ पुढं हेल्मेट घालून. आतलं ते थर्मोकोलसारखं जाड अस्तर असतं ना, तेच दही वाचवतं, स्वतः दबून. म्हणून रस्त्यावरच्या नुसत्या प्लास्टिकच्या टोपीचा उपयोग नाही, आयएसआय बघा, पट्टा लावा, आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बदला. गाडीत मागच्या सीटवर पण बेल्ट लावा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा, माझ्या मित्राचे आजोबा न्हाणीत घसरले, काही झालं नाही म्हणाले, तीन आठवड्यांनी वेड्यासारखं बोलायला लागले, सगळे म्हणाले वय झालं, आणि निघाली डोक्यात रक्ताची गाठ.

आई आता माझ्या मागे गाडीवर बसते. दोन वर्षं बसली नव्हती, खरं तर मीच बसवत नव्हतो. अंबाडा आता मानेवर खाली घालते, वर हेल्मेट, पंजाबी ड्रेस, दोन्हीकडं पाय टाकून. स्पीडब्रेकर आला की मी गाडी जवळजवळ थांबवतो, मागचे हॉर्न मारतात, मारू देत.

तो दिवस तिला आठवत नाही, आणि सांगितलेलं राहत नाही. म्हणून दर महिन्या-दोन महिन्यांनी, बहुतेक संध्याकाळी, चहा घेताना ती विचारते, की अरे त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं?

मी सांगतो, मी.

ती कप खाली ठेवते, माझा हात धरते, कोपरापासून मनगटापर्यंत चाचपून बघते. "तुला काही लागलं नाही ना रे?"